किल्ली कुणाकडे?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललंय. मी बर्लिनमध्ये उठते तेव्हा पुण्यात दुपार झालेली असते, त्यामुळे मला ते रोज थोडं शिळंच वाचायला मिळतं. विषय साधा आहे. माझी मावसबहीण मनू, वय 26, पुण्यात नोकरीला. तीन वर्षं पीजीत काढल्यावर तिला एकटीला वन बीएचके हवाय. कोथरूड, कर्वेनगर, वारजे करत अकरा फ्लॅट बघायचे ठरले. त्यातल्या सहा ठिकाणी ब्रोकरने दार उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "मॅडम, ओनरला फॅमिली पाहिजे." एका ठिकाणी ओनर तयार होता, पण सोसायटीचा ठराव आडवा आला. आणखी एका ठिकाणी डिपॉझिटपर्यंत सगळं गोड चाललं होतं, मग सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "रात्री साधारण किती वाजता येता?"

मामा स्वतः एका सोसायटीचे चेअरमन. त्यांनी लिहिलं, नियम मुलींच्या भल्यासाठीच असतात, आणि उद्या काही झालं तर पोलीस तुम्हाला विचारत नाहीत, चेअरमनला विचारतात. मावशीने त्यावर नमस्काराचे हात टाकले. मनू चिडली, आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "ताई, तिकडे असं असतं का गं?"

तिकडे असं नसतं. पण एवढंच लिहून मोकळं होता येईना, कारण तिकडे जे असतं ते मनूला सहन होईलच असं नाही. म्हणून ग्रुपवर न लिहिता इथे लिहितेय.

आधी माझी पुण्यातली गोष्ट. 2016 साली कर्वेनगरला मी एकटी राहत होते. भाडं 14 हजार, डिपॉझिट 50 हजार. तेव्हाच्या मानाने ठीक. गेटवर वॉचमन, रजिस्टरमध्ये सही, जिन्यात कॅमेरा. आई एकदा येऊन बघून गेली आणि म्हणाली, सेफ आहे हो. एका बुधवारी ऑफिसातून आले तर बाथरूमची फरशी ओली होती आणि सकाळी दोरीवर टाकलेले कपडे घडी करून पलंगावर ठेवलेले होते. नीट, काठाला काठ लावून घडी. ओनरना फोन केला. ते म्हणाले, "गीझरवाला आला होता, मी उघडून दिलं. पाऊस येईलसं वाटलं म्हणून कपडे काढले." आवाजात उपकार केल्याचा भाव. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते हे मला माहीत होतं. सगळ्याच ओनरकडे असते. त्या रात्री मी दारामागे खुर्ची लावून झोपले, आणि पुढचे सात महिने रोज लावली. अकरा महिने भरले, कपाटाच्या रंगासाठी म्हणून डिपॉझिटमधले नऊ हजार कापले गेले, मी निघाले.

त्या सात महिन्यांत वॉचमनने, कॅमेऱ्याने, रजिस्टरने माझं रक्षण कुणापासून केलं असेल तर ते बाहेरच्यांपासून. ज्या एका माणसाला माझं दार उघडता येत होतं, त्याला वॉचमन सलाम करायचा.

आपल्याकडे कायदा नाही, असंही नाही. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याचं 28 वं कलम म्हणतं की मालकाला जागेची पाहणी करता येते, पण वाजवी वेळी आणि राहणाऱ्याला आधी कळवून. आणि यात लायसन्सवर, म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावर राहणाराही येतो. म्हणजे मीसुद्धा. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ओनरनाही नसावं. केंद्राने 2021 साली मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात तर 24 तास आधी कळवा, कारण लिहा आणि सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळात या, इतकं स्पष्ट आहे. फक्त तो राज्यांनी आपापला स्वीकारायचा असतो. बरं, बॅचलर आणि एकट्या मुलींबद्दल त्यांच्या सोसायटीने केलेल्या ज्या ठरावाचा आमचे मामा अभिमान बाळगतात त्याचं काय? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची परवानगी मागायची नसते. कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देऊन कळवायचं असतं. आणि वर्षानुवर्षं सोसायट्या 'एनओसी' नावाचा कागद अडवून बसतात! मामांना हे मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "उपविधी पुस्तकात असतात, जनरल बॉडी इथे असते."

आता बर्लिन. 2021 च्या शरद ऋतूत मी इथे स्वतःचं घर शोधायला लागले. तोवर कुणाच्या तरी घरातल्या एका खोलीत, त्यांच्या मांजरासकट राहत होते. एकटी बाई आहे म्हणून कुणाची भुवई वर जाणार नव्हती, कारण या शहरातली जवळपास निम्मी घरं एकट्या माणसाचीच आहेत. रात्री कधी येता हे कुणी विचारलं तर ते ऐकायला मी थांबले असते, नवलाईने. पण घर कुठे होतं? पाच महिन्यांत 83 अर्ज केले, नऊ ठिकाणी बघायला बोलावलं. एका घराची रांग तिसऱ्या मजल्यापासून जिन्याने खाली, दारातून बाहेर, पार फुटपाथवर आली होती. प्रत्येकाच्या काखेत एकसारखी फाइल. त्यात तीन महिन्यांच्या पगारपावत्या, पासपोर्टची प्रत, 'शूफा' नावाच्या संस्थेचा पतदाखला, आणि आधीच्या मालकाचं 'हिच्याकडे भाडं थकलेलं नाही' असं पत्र. नवीन आलेल्या माणसाकडे शूफा नसतो, कारण तो नवीन आलेला असतो. आणि आधीचा मालकही नसतो, कारण त्याला कुणी घर दिलेलं नसतं. यातून वाट कशी काढायची, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. माझी निघाली ती ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने.

आणि नाव. इथे भेदभावाविरुद्ध 2006 पासून कायदा आहे आणि 'फॅमिलीच पाहिजे' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. फक्त उत्तर येत नाही. 2017 साली दोन जर्मन पत्रकार-गटांनी मोठ्या शहरांत सुमारे 20 हजार खोटे अर्ज पाठवून पाहिलं होतं. मजकूर सारखा, नावं वेगळी. अरबी आणि तुर्की नावांना बोलावणी बरीच कमी आली. मीही एकदा चिडून माझाच अर्ज शब्दन् शब्द तसाच ठेवून एका जर्मन मित्राच्या नावाने पाठवला. चाळीस मिनिटांत फोन. पुण्याच्या ब्रोकरचं 'नाही' निदान ऐकू येतं, त्याच्याशी भांडता येतं.

मग घर मिळालं. वेडिंग भागात, जुनी इमारत, दुसरा मजला, 48 चौरस मीटर. नुसतं भाडं 590 युरो, हीटिंग-पाणी धरून 735. सही करण्याआधी मी एक काम केलं, आणि मनूला माझा एकच व्यावहारिक सल्ला असेल तर हा: रात्री साडेदहाला भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर उतरून त्या घरापर्यंत एकटी चालत गेले. दिवे कुठे आहेत, दुकानं किती वाजता बंद होतात, कोपऱ्यावर कोण उभं असतं. दिवसा ब्रोकरच्या गाडीतून बघितलेला रस्ता आणि हा रस्ता वेगळे असतात, कुठल्याही गावात.

ताबा घेताना मालकाच्या प्रतिनिधीने एक तक्ता भरला. वीजमीटरचा आकडा, खिडकीच्या चौकटीवरचा ओरखडा, आणि शेवटी किल्ल्या: इमारतीच्या तीन, घराच्या तीन, तळघराची एक, टपालपेटीची एक. मी विचारलं, तुमच्याकडे एखादी? त्याला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाला, भाडेकरूने स्वतःहून दिल्याशिवाय मालकाला किल्ली ठेवताच येत नाही. शंका असेल तर कुलूप बदला, जाताना जुनं परत बसवा म्हणजे झालं. मी खरंच बदललं. दाराच्या कडेला एकच लांब स्क्रू असतो. तो काढायचा, किल्ली घालून अगदी थोडी वळवायची, की कुलपाचा आतला गाभा, म्हणजे सिलिंडर, अलगद हातात येतो, भुईमुगाच्या टरफलातून दाणा निघावा तसा. दोन्ही बाजूंची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून दुकानातून नवा आणला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. त्या घरात स्वयंपाकघर नव्हतं, म्हणजे खोली होती पण भिंतीतून डोकावणाऱ्या दोन नळ्यांपलीकडे काही नव्हतं (इथे बऱ्याच ठिकाणी ओटा-सिंक भाडेकरूने आणायचं असतं, हे कुणी सांगत नाही). पण त्या रात्री मी खुर्ची न लावता झोपले.

बाकीच्या गोष्टी त्या सिलिंडरच्याच जातीच्या. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, तेही तीन हप्त्यांत, आणि मालकाने ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं ठेवायचं. करार बेमुदत. मी तीन महिने आधी सांगून निघू शकते. मालकाला मात्र मला काढायला कारण लागतं. 2015 पासून नवं भाडं परिसरातल्या तुलनात्मक भाड्याच्या दहा टक्क्यांहून वर नेता येत नाही, आणि ब्रोकरचे पैसे ज्याने त्याला बोलावलं त्याने द्यायचे. मनूकडे ब्रोकर एक महिन्याचं भाडं मागतोय, ज्याने सहा वेळा तिला नाही म्हटलं तोच.

इथपर्यंत वाचून 'बघा, परदेश' असं कुणी म्हणणार असेल तर थोडं थांबा. ही सगळी कृपा दाराच्या आतल्यांवर आहे. माझ्या खालच्या मजल्यावरचे आजोबा 1988 पासून त्याच घरात राहतात आणि माझ्या निम्म्याहून कमी भाडं देतात. ते का हलतील? मीही आता हलणार नाही. आम्ही हलत नाही म्हणून पंचविशीतली पोरं फुटपाथवर फाइल घेऊन उभी असतात. मग नवे मालक घरात एक पलंग आणि दोन दिवे ठेवतात, 'फर्निश्ड, तात्पुरतं' म्हणून दीडपट भाडं लावतात, आणि नवखे तिथे जातात. शहराने 2020 मध्ये भाडी सरसकट गोठवून पाहिली, 2021 मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. मुंबईत 1947 च्या भाडेकायद्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधून टाकली. गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्याचं घर वाचलं, पण मालकाने दुरुस्ती सोडली, रिकाम्या खोल्यांना कुलपं लागली, पागडी आली. 'घुसला की निघत नाही' ही जी भीती मालकांच्या हाडात बसली, तिच्यातून अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स जन्माला आलं. म्हणजे मनूला आज भाडेकरू म्हणवून घ्यायचाही हक्क नाही, ती लायसन्सी. मात्र त्याच भीतीमुळे पुण्यात फ्लॅट फिरते राहतात. तिला खरोखर जिद्द असेल तर येत्या पंधरा दिवसांत काहीतरी मिळेल. बर्लिनमध्ये पंधरा दिवसांत पहिल्या मेलचं उत्तर येत नाही.

मामांचं एक म्हणणं मात्र मला खोडता आलेलं नाही. ते म्हणाले, चौकशा करणारे शेजारी असतात म्हणून कुणी आजारी पडलं तर कळतं. कर्वेनगरला मला डेंगी झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी समोरच्या काकू मऊभात घेऊन दारात उभ्या होत्या. याच काकू माझ्याकडे कोण मित्र आला होता हे ओनरना कळवायच्या. इथे कोविडमध्ये त्या मांजराच्या घरी मी नऊ दिवस खोलीत पडून होते; दारावर थाप पडली ती फक्त पार्सलवाल्याची. ही दोन्ही कामं एकाच बाईने करायला हवीत असं काही नाही, पण आपल्याकडे ती बहुधा एकत्रच येतात, आणि मला त्यातलं एक वेगळं काढून दाखवता येत नाही.

पण ठरावाचा बचाव त्याने होत नाही. 2023 च्या सप्टेंबरात मुलुंडला एका मराठी बाईला मराठी आहे म्हणून जागा नाकारल्याचा व्हिडिओ फिरला, तेव्हा हाच ग्रुप पेटून उठला होता. मामांनी दिवसभरात सतरा मेसेज टाकले होते. त्याच महिन्यात त्यांच्या सोसायटीने 'बॅचलर व एकट्या मुली' या शीर्षकाखाली ठराव केला, सूचक एक मराठी, अनुमोदक दुसरा मराठी. मी विचारलं, यात फरक काय? ते म्हणाले, "तिथे अपमान होता. इथे शिस्त आहे."

काल मनूचा फोन आला. वारज्यात मिळालं. दुसरा मजला, 19 हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट, ओनर नाशिकला असतात. करार नोंदवायचा म्हणून तिने हट्ट धरला, कारण नोंदणीची जबाबदारी मालकाचीच असते हे तिने कुठूनतरी वाचलं होतं, आणि ते मुकाट्याने तयार झाले. रात्री साडेदहाला बसस्टॉपपासून चालूनही पाहिलं. एक दिवा बंद आहे म्हणाली, बाकी बरं आहे. रविवार पेठेतून नवीन कुलूप आणलं, त्याचा फोटो तिने ग्रुपवर टाकला, शेजारी तीन किल्ल्या पंख्यासारख्या पसरून.

मावशीने हार्ट दिला. मामांचं 'टायपिंग' बराच वेळ दिसत होतं. मग आलं: "छान. मजबूत दिसतंय. एक किल्ली वॉचमनकडे ठेव म्हणजे झालं."