बॉल विकताय की फिजिक्सचा पेपर काढताय?

इथे अमेरिकेत बोलिंग लीग (क्रिकेट नव्हे, जड बॉल घरंगळवून पिना पाडायचा खेळ) खेळायची म्हणून स्वतःचा बॉल घ्यायला बसलं की समोर काय येतं? आरजी २.४८०, डिफरेन्शियल ०.०५०, मास बायस ०.०१५, फिनिश ४००० ग्रिट. २.४८० काय? किलो, मैल, तोळे? इंच आहेत ते! तेवढा एक शब्द छापायला काय जीव जातो का यांचा?

आरजी म्हणजे बॉलचं वजन मध्याशी एकवटलंय की कडेला पसरलंय, बस्स. आकडा कमी तर बॉल लवकर फिरायला लागतो. डिफरेन्शियल म्हणजे बॉलच्या कमाल आणि किमान आरजीतला फरक. तो जास्त तर तेल लावलेल्या लेनवरून (बॉल जातो त्या पट्टीवरून) जाताना दर फेऱ्याला बॉलचा नवा, कोरडा भाग तेलावर टेकतो आणि पकड टिकते. झालं सांगून! पण यांच्या पानावर ‘स्फोटक बॅकएंड’ आणि ‘सलग मिडलेन मोशन’. काय डोंबल कळणार त्यातून?

त्यात यूएसबीसीच्या, म्हणजे इथल्या बोलिंग संघटनेच्या, नियमानं आरजी २.४६ ते २.८० इंचांतच हवा, डिफरेन्शियल ०.०६० च्या वर नको. एवढ्याशा जागेत सगळ्या कंपन्यांची मारामारी, आणि दर नवा बॉल म्हणे ‘क्रांतिकारी’.

सगळ्यात डोकं फिरतं ते पुढे. ठळक छापलेले आकडे बहुतेक वेळा १५ पौंडी बॉलचे. मला हवाय १२ पौंडी. त्याचे आकडे वेगळे, कित्येकदा आतला कोर, म्हणजे गाभासुद्धा वेगळा! नाव तेच, रंग तोच, आणि ही गोष्ट कुठे, तर तळाच्या बारीक तक्त्यात. हूकचे, म्हणजे बॉल किती वळतो याचे, गुण तर विचारूच नका. प्रत्येकाची मोजपट्टी स्वतःची, तुलना करणार कशाशी, कपाळाशी?

खरा फरक पडतो तो वरच्या आवरणानं. प्लास्टिक सरळ जातं, रिअॅक्टिव्ह रेझिन लेनच्या कोरड्या भागात पकड घेऊन वळतं. त्यातही सॉलिड प्रकार आधी वळतो, पर्ल लांब जाऊन झटक्यात. पण त्या आवरणाला नाव असं ठेवतील की खत आहे की शाम्पू, पत्ता लागू नये. आणि तो ४००० ग्रिटचा, म्हणजे पृष्ठभाग किती बारीक घासलाय त्याचा, तोरा? थोडे गेम खेळा, पृष्ठभाग बदललाच.

शेवटी प्रो शॉपमध्ये, म्हणजे बोलिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. तर दुकानदार शांतपणे विचारतो, "तुझा रेव्ह रेट किती? अॅक्सिस टिल्ट?"

अरे बाबा, ते माहीत असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो?