फूल ना फुलाची पाकळी

यंदा तुमच्या मंडळाने व्याख्यानमाला घ्यायचं ठरवलंय आणि कार्यवाहपद तुमच्या गळ्यात पडलंय, तर प्रथम अभिनंदन. आमच्या तालुक्याच्या गावी मी अकरा वर्षं हे काम केलं. त्या अकरा वर्षांत, एक अपवाद सोडला तर, एकाही वक्त्याला लेखी काही दिलं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे माझ्या सल्ल्याचं वजन तुमच्या लक्षात येईल.

थोडा इतिहास माहीत असू द्या, प्रास्ताविकात उपयोगी पडतो. भारतीय करार कायदा आला 1872 साली. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली 1875 साली. म्हणजे कायदा आणि व्याख्यानमाला, दोघं साधारण एकाच वयाचे. दीडशे वर्षं एकाच मुलखात नांदतायत आणि अजून त्यांची एकमेकांशी ओळख झालेली नाही. ती तुमच्या कारकिर्दीत होऊ देऊ नका. परंपरा न्यायाधीशाने सुरू केली हे खरं, पण चालवणारे आपण आहोत.

सुरुवात फोनपासून. तो तीन महिने आधी कधीही करू नये. तीन महिने हाताशी असले की वक्ता विचार करतो, आणि विचार करणारा वक्ता प्रश्न विचारतो. आठ दिवस आधी, रात्री साडेनऊला करावा. पहिलंच वाक्य असं हवं: ‘सर, पत्रिका छापायला गेलीय.’ छापलेल्या नावाला नाही म्हणायची हिंमत मराठी माणसात सहसा नसते. फक्त 27 फेब्रुवारीला हा उपाय लागू पडत नाही. त्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असल्यामुळे सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत मराठीचा प्रत्येक प्राध्यापक कुठल्या ना कुठल्या स्टेजवर असतो. बँकेच्या शाखेलासुद्धा त्या दिवशी एक लागतो. मग यादीतल्या सातव्या नावाला फोन करायचा आणि म्हणायचं, ‘सर, तुमच्याशिवाय दुसरं नाव डोळ्यांसमोर आलंच नाही.’

विषय विचारू नका. वक्ता विषय कळवतो, तो लांबलचक असतो आणि फ्लेक्सवर मावत नाही. आमच्याकडे एकदा शिलालेखांचे एक अभ्यासक आले होते. मी फ्लेक्सवर छापून घेतलं होतं, ‘ताणतणावमुक्त जीवन’. ते स्टेजवर चढले, मागे वळून फ्लेक्स वाचला, चष्मा पुसला, परत एकदा वाचला, आणि मग पाऊण तास गद्धेगाळांवर बोलले. शिलाहार-यादवांच्या काळात जमीन दान दिली की दगड उभा करायचे. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालेल. मध्ये मजकूर. खाली गाढव, आणि दिलेला शब्द मोडणाऱ्याच्या आईचं त्या गाढवाशी काय होईल याचं चित्र. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही अट समजावी, अशी सोय. सभागृह पोट धरून हसलं. आमचे कोषाध्यक्ष तेवढे हसले नाहीत, कारण पाकीट त्यांच्या खिशात होतं.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैशाचं. हा विषय आपण होऊन काढायचा नाही. वक्त्याने काढलाच, तर आधी दोन सेकंद गप्प बसावं, जरा दुखावल्यासारखं. मग म्हणावं, ‘सर, त्याची काळजी करू नका. फूल ना फुलाची पाकळी आम्ही देऊच.’ या वाक्याची ताकद मोठी आहे. फूल कुठलं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. कमळाची पाकळी वेगळी आणि शेवंतीची वेगळी, पण विचारणाराच हावरट ठरतो.

कायद्यानेही हे वाक्य भक्कम आहे. करार कायद्याचं कलम 29 सांगतं की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो रद्दबातल. पाकळीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयालाही निश्चित करता येणार नाही. ‘आम्ही प्रेमापोटी बोलावतोय’ हे वाक्य मात्र जपून वापरा. बिनमोबदल्याचा करार नुसत्या प्रेमावर टिकवायचा तर कलम 25 प्रमाणे नातं जवळचं लागतं, कागद लागतो आणि त्याची नोंदणीही लागते. वक्त्याशी सोयरीक जुळवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांगेला उभं राहण्यापेक्षा पाकळी बरी. आणि कलम 70 वक्त्याच्या नजरेस पडू देऊ नका. फुकट करायचा हेतू नसलेलं काम एखाद्याकडून करून घेतलं आणि त्याचा फायदा उपटला, तर भरपाई द्यावी लागते, असं काहीतरी तिथे लिहिलंय. नशिबाने व्याख्याते कविता वाचतात, कायदा वाचत नाहीत.

(हीच पाकळी मांडववाल्याला देऊन बघू नका. मी एकदा दिली होती. त्याने काही न बोलता एक खांब सोडायला घेतला. साऊंडवाला निम्मे आगाऊ घेतो, केटरर ताटामागे दर लिहून घेतो, फ्लेक्सवाला तर पैसे मिळाल्याशिवाय फाइल उघडत नाही. या सगळ्यांत बिनबोभाट येणारा आणि बिनबोभाट जाणारा एकच माणूस असतो, आणि लोक त्याला ऐकायला आलेले असतात.)

रक्कम कमी वाटली आणि वक्त्याचा चेहरा पडला, तर ‘टीडीएस गेला त्यातून’ म्हणायचं. व्यावसायिक शुल्कावर एका आर्थिक वर्षात 50,000 रुपयांपर्यंत टीडीएस कापावाच लागत नाही, 2025 च्या एप्रिलपर्यंत ही मर्यादा 30,000 होती, हे त्याला कुठून माहीत असणार? आणि तुमचा आकडा तर 1,500 आहे. पाकीट आहेराचं घ्या, वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. ते चाचपल्यावर जरा जड लागतं. कार्यक्रमात वक्त्याची सही लागते ती एकाच कागदावर, व्हाउचरवर. तो शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह सांभाळत असताना पुढे करायचा. आकड्याची जागा कोरी असेल. ‘ते आम्ही भरतो, सर, तुम्ही नका त्रास घेऊ.’ आकडा 5,000 च्या वर जाणार असेल तर रसीदी तिकीट लागतं, म्हणून ते आधीच चिकटवून ठेवावं. तिकीट बघूनही ज्याला शंका येत नाही, तोच खरा विद्वान.

कॉलेजवाले व्याख्यानाला बीजभाषण म्हणतात. त्यांचं चर्चासत्र ‘राष्ट्रीय’ असतं, म्हणजे एक वक्ता बेळगावहून आलेला असतो. तिथेही आमदारांची गाडी आल्याशिवाय बीज पेरत नाहीत. बाकी सगळं आपल्यासारखंच.

प्रत्यक्ष कार्यक्रमाचं वेळापत्रक सोपं आहे. सहाचा कार्यक्रम सातला सुरू करावा. पंखा चालू ठेवून समई पेटवायला घ्यावी. त्यात दहा मिनिटं जातात आणि फोटोग्राफरला वेळ मिळतो. मग स्वागतगीत. मग स्टेजवरच्या चौदा जणांचे सत्कार, त्यात सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार. प्रास्ताविक तुम्ही स्वतः करा, चाळीस मिनिटं, आणि वक्ता काय बोलणार आहे ते सगळं आधीच सांगून टाका. परिचय करून देणाऱ्याने इंटरनेटवरून त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची माहिती वाचली तर अडवू नका. आमच्या एका समीक्षकाला तसे पशुवैद्यकातले दोन पुरस्कार मिळाले आणि त्याने ते नम्रपणे स्वीकारले. पावणेनऊच्या सुमाराला वक्ता उठला की एक चिठ्ठी सरकवावी: ‘कृपया 15 मि.’ तरीही तो थांबला नाही, तर रात्री दहानंतर भोंगा बंद करायच्या नियमाची आठवण करून द्यावी. वर्षभरात आपण हा नियम पाळतो तो असा.

आमंत्रण देऊन झाल्यावर वक्ता नकोसा वाटला, तर? रद्द करता येतं. पण त्याआधी यवतमाळ आठवावं. जानेवारी 2019 मधलं 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. उद्घाटक म्हणून इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं, कार्यक्रम उधळण्याची धमकी आली, आणि अगदी तोंडावर ‘येऊ नका’ कळवलं. भाषण त्यांनी आधीच लिहून पाठवलेलं होतं. मांडवात ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांनी डुलकी काढली असती, ते भाषण मराठीत होऊन महाराष्ट्रभर वाचलं गेलं. निमंत्रितांपैकी अनेकांनी पाठ फिरवली, साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि मांडवात काही स्त्रिया सहगल यांचे मुखवटे लावून बसल्या. उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार ओढणाऱ्या बाईंनी, आणि त्यांचं बोलणंही लोकांच्या लक्षात राहिलं. एका वक्त्याला टाळायला गेलं की दोन भाषणं पदरात पडतात, तीही चांगली. तेव्हा वक्ता नकोसा झाला तर त्याला येऊ द्यावं आणि प्रास्ताविक लांबवावं.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. सहा वर्षांपूर्वी एका बाईंना फोन केला. ‘हो, येईन’ म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं अर्ध्या पानाचं पत्र आलं. मानधन इतकं, प्रवासखर्च इतका, भाषण 45 मिनिटं, रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय कुठे टाकायचं नाही, आठ दिवसांच्या आत रद्द केलंत तर निम्मं मानधन. खाली दोन सह्यांच्या जागा. कार्यकारिणीची तातडीची बैठक भरली. ‘सरस्वतीच्या उपासकाने असं बोलावं?’ हे उद्गार निवृत्त बँक मॅनेजरांचे. प्लॉटची दलाली करणारे उपाध्यक्ष, जे विसार पावतीशिवाय चहासुद्धा पीत नाहीत, ते तर गहिवरले. दोन तास चर्चा झाली. शेवटी पत्रिका छापून झाली होती म्हणून मी सही केली. बाई वेळेवर आल्या, पत्रात 45 मिनिटं होती म्हणून मला प्रास्ताविक सहा मिनिटांत गुंडाळावं लागलं, त्या बोलल्या, पैसे त्याच रात्री खात्यावर गेले, त्या निघून गेल्या. झालं. नंतर वर्षभर कट्ट्यावर बोलायला काही उरलंच नाही. अशा माणसांना पुन्हा बोलावू नये.

नेहमीच्या वक्त्यांना मात्र जरूर बोलवावं, नाती टिकतात. गेल्याच महिन्यात मी त्या शिलालेखवाल्या सरांना फोन लावला.

‘सर, नमस्कार. मागे फार सुंदर झालं होतं. यंदाही आपण यावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे.’

‘अरे वा. पण त्या दिवशी मी नेमका परगावी आहे हो.’

‘सर, तारीख अजून सांगितलीच नाही मी.’

‘असं होय. बरं, सांगा. त्या दिवशी आहे मी परगावी.’