अजिंक्यतारा ‘राखीव’ झाला की गड बंद होणार म्हणे!

साताऱ्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, अजिंक्यताऱ्याचा डोंगर संवर्धन राखीव (वन्यजीव कायद्याखाली जपायला जाहीर केलेली सरकारी जागा) केला तर मॉर्निंग वॉक बंद, गडावरच्या मंगळाई देवीला जायला पास, पायथ्याच्या लोकांचे सातबारे अडकणार, आणि वर वणवा लावल्याशिवाय गवत चांगलं येत नाही हे ज्ञान फुकट. पुढं ढकलायच्या आधी कायदा तरी बघायचा राव.

पासचं आधी. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते ती वन्यजीव कायद्याच्या कलम २७ मधल्या पहिल्या पोटकलमामुळं. संवर्धन राखीवचं कलम ३६अ, ते २००२ च्या दुरुस्तीत आलं, त्यात २७ ची २, ३, ४ ही पोटकलमं घेतलीत, पहिलं घेतलेलंच नाही. मग पास कुठनं आला?

सातबारा? राखीव होते ती सरकारी मालकीची जागा, विषय संपला. आणि एक किलोमीटरचं बफर, म्हणजे भोवतीचा निर्बंधांचा पट्टा, म्हणत असाल तर ते सुप्रीम कोर्टानं २०२२ ला अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांभोवती सांगितलेलं, २०२३ ला सरसकट नको म्हणून कोर्टानंच सैल केलं.

आता वणवा. जळाल्यावर हिरवं फुटतं हे खरंय, पण काय फुटतं ते बघा की. दरवर्षी जाळलेल्या उतारावर कुसळी, म्हणजे टोचऱ्या कुसळांचं गवत, तीच माजते, तिला आग सोसते, बाकीचं चांगलं गवत मागं पडतं. दिवाळीनंतर त्या उतारावरनं एकदा चालून या, सॉक्समधनं कुसळं काढता काढता संध्याकाळ होईल, आणि तीच मेंढरांच्या तोंडात टोचतात म्हणून पिकलेल्या कुसळीला जनावर तोंड लावत नाही. शिवाय दोन-तीन वर्षांची रोपं जळतात आणि उघडा पडलेला उतार जूनच्या पहिल्या दणक्यात माती घेऊन खाली ओढ्यात. राखीवला कलम ३० लागतं, म्हणजे आग लावायला बंदी, ज्यांना झोंबतंय त्यांना बहुतेक हेच झोंबतंय.

झाडं वाढली की बुरूज फुटतात असंही काहीजण म्हणतात, तो मुद्दा मात्र बरोबर. तटातला पिंपळ-उंबर काढायलाच पाहिजे. पण उतारावरचं जंगल वेगळं, ज्या चढाखाली औरंगजेब १६९९ च्या डिसेंबरपासून १७०० च्या एप्रिलपर्यंत अडकून पडला तो चढ पण गडच आहे ना?

विरोध करायचाच असेल तर जागा आहे, व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा माणूस असतो, संस्थांचे तिघं असतात, पण ती समिती नुसती सल्ला देणारी, निर्णय वनखात्याचाच. यावर बोला की, मेसेजमध्ये याचा एक शब्द नाही.