रालेच्या काकांना उत्तर : ट्रेलरचं नाक आणि तीन इंच

काका, नमस्कार.

सही ‘रालेचा म्हातारा’ अशी केलीत म्हणून काका म्हणतोय. वयानं माझ्याहून लहान निघालात तर शब्द मागे घेतो. तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली तेव्हा डोकं तापलं होतं. संध्याकाळी वही घेऊन बसलो, आणि दोन ठिकाणी तुमचंच बरोबर निघालं. म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी मागचा लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्याकडे फिफ्थ व्हील ट्रेलर आहे, म्हणजे गाडीच्या मागच्या गोळ्याला न अडकवता पिकअपच्या बेडमधल्या (मागच्या उघड्या हौद्यातल्या) हिचवर, म्हणजे जोडणीच्या बैठकीवर, ज्याची पिन बसते तो. जुना टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप विकून फोर-बाय-फोर घेतला. नव्याचा बेड जुन्यापेक्षा पाच इंच उंच. साहजिकच ट्रेलर नाक वर करून चालायला लागला. हिच दोन इंच खाली घेतली, तरी नाक तीन इंच वरच राहिलं. शेवटी वेल्डिंगवाल्याकडून ट्रेलरच तीन इंच उचलून घेतला. यावर काकांचं म्हणणं असं : पिनवरच्या वजनाबद्दल लिहिलंय ते साफ चूक, ‘अ‍ॅक्सल उलटा करून घ्या’ (चाकांना जोडणारी आडवी नळी म्हणजे अ‍ॅक्सल) हा सल्ला जीवघेणा, तीन इंचांनी कुणाचं काही बिघडत नाही, आणि हिच अजून खाली घेऊन दहा मिनिटांत सुटणारा प्रश्न मी ‘फोटोत ट्रेलर सरळ दिसावा म्हणून’ पैसे ओतून सोडवला.

वजनापासून सुरू करतो. मी लिहिलं होतं की नाक वर गेलं की भार मागे सरकतो, पिन हलकी होते आणि ट्रेलर बैलगाडीसारखा उलाळ होतो. तुम्ही विचारलंत, ‘बैलगाडी कधी हाकली आहेस का?’ नाही हाकली. पण गणित येतं, ते लेख लिहिण्याआधी करायला हवं होतं, ते आता केलं. पिनपासून दोन अ‍ॅक्सलांच्या मध्यापर्यंत २२ फूट, म्हणजे २६४ इंच. नाक तीन इंच वर. ट्रेलरचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर धरला तर एवढ्या कलानं तो मागे सरकतो जेमतेम पाऊण इंच. ट्रेलरचं वजन ११,५०० पौंड, पिनवर त्यातले २,३०० च्या आसपास. पाऊण इंचानं पिन हलकी होते ती तीसएक पौंडांनी. देशी दुकानातली तांदळाची वीस पौंडांची पिशवी आणि कणकेची दहा पौंडांची, एवढंच. पुढच्या कपाटातलं सामान मागच्या कपाटात हलवलं तरी याहून जास्त फरक पडतो. उलाळ वगैरे काही होत नाही. ते वाक्य मी काढून टाकलंय.

अ‍ॅक्सलचं तर त्याहून मोठं. मी लिहिलं होतं, ‘पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असतील तर अ‍ॅक्सल उलटा करून घ्या, पाच इंच मिळतात.’ गॅरेजमध्ये सगळे तसंच बोलतात, म्हणून मीही लिहून मोकळा झालो. वाचणारा खरंच अ‍ॅक्सल उलटा करेल हे डोक्यात आलं नाही. तो उलटा करायचा नसतो. ट्रेलरच्या बहुतेक अ‍ॅक्सलांच्या नळीला मध्यभागी वरच्या बाजूला किंचित बाक दिलेला असतो. वजन आलं की ती सरळ होते आणि चाकं उभी राहतात. उलटी बसवली की बाक खाली, वजनानं तो आणखी वाढतो, आणि टायर आतल्या कडेनं खाल्ले जातात. शिवाय ब्रेक डावे-उजवे वेगळे असतात, त्यांची अदलाबदल होते ती निराळीच. करायचं असतं ते असं : अ‍ॅक्सल आहे तसाच ठेवायचा, पाट्यांची बैठक त्याच्या वरच्या अंगाला नवी वेल्ड करायची, आणि नळीखालून जाणारे पाटे नळीवरून घ्यायचे. नळी तीन इंच आणि पाट्यांची जाडी दोन-अडीच इंच, एवढा ट्रेलर वर येतो. ज्याला तीनच इंच हवेत त्यानं हे केलं तर नाक खाली जाईल, म्हणजे पुन्हा वही काढा. तुम्ही कान धरलात ते बरं केलंत. लेखात दुरुस्ती केली आहे, तीही ठळक अक्षरांत.

आता भांडण.

‘वीस वर्षं नाक वर ठेवून ओढतोय, तीन इंचांनी काही होत नाही.’ तुमच्या ट्रेलरखाली पाटे आहेत, तसं तुम्हीच लिहिलंय, आणि तुमच्या ट्रेलरपुरतं हे शंभर टक्के खरं आहे. दोन अ‍ॅक्सलांच्या पाट्यांमध्ये तो झुलणारा लोखंडी तुकडा असतो ना, इक्वलायझर, तो दोन्हीकडचं वजन वाटून देतो. आमच्या अ‍ॅक्सलांत ३५ इंचांचं अंतर आहे. नाक तीन इंच वर गेलं की पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या उंचीत फरक पडतो ०.४ इंचाचा. तेवढं इक्वलायझर एका बाजूला जरासा झुकून पचवतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

आमच्या ट्रेलरखाली पाटे नाहीत. टॉर्शन अ‍ॅक्सल आहेत : चौकोनी नळीत रबराच्या कांड्या, त्यांच्यामध्ये फिरणारा दांडा, दांड्याला चाक. प्रत्येक चाक आपापलं, मधे वाटणी करणारं कुणी नाही. ही गोष्ट मी मागच्या लेखात लिहिलीच नव्हती, आणि माझी खरी चूक हीच. त्यामुळे तुम्ही तुमच्या ट्रेलरबद्दल बोलत होतात, मी माझ्या, आणि दोघांनाही वाटत होतं समोरचा मूर्ख आहे. रबराला ते ०.४ इंच चांगलेच कळतात. ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर आधी फक्त मागचा अ‍ॅक्सल फळीवर घेतला, मग दोन्ही. मागच्यावर ४,९५०, पुढच्यावर ४,२५०. सातशे पौंडांचा फरक, आणि अ‍ॅक्सलांची क्षमता प्रत्येकी ५,२००. पाण्याची टाकी त्या दिवशी रिकामी होती. ती पन्नास गॅलनची आहे, भरली की चारशे पौंडांहून जास्त होते, आणि आमच्या ट्रेलरात ती अ‍ॅक्सलांच्या जरा मागेच आहे. म्हणजे टाकी भरून निघालो की मागच्या अ‍ॅक्सलची क्षमता संपलीच म्हणायची. ट्रेलर उचलल्यावर त्याच काट्यावर आकडे आले ४,६३० आणि ४,५७०. टाकी रिकामी, सामान तेच. फोटोसाठी केलं असतं तर काट्याचे पैसे दोनदा कशाला दिले असते?

हिच अजून खाली का घेतली नाही, याचं उत्तर बेडच्या कडेवर आहे. बेडच्या बाजूच्या कडा आणि ट्रेलरचं त्यांच्यावर आलेलं पोट यांच्यात सपाट जमिनीवर साडेपाच-सहा इंच तरी मोकळे हवेत असं सगळेच सांगतात. हिच दोन इंच खाली घेतल्यावर माझ्याकडे बरोबर सहा उरले होते. अजून तीन घेतले असते तर तीनच उरले असते. सपाट जमिनीवर तीन इंचसुद्धा ऐसपैस दिसतात. पण हिचपासून टेलगेटपर्यंत (बेडच्या मागच्या फळीपर्यंत) माझ्या बेडमध्ये ४५ इंच आहेत, आणि ट्रक-ट्रेलरमध्ये पाच अंशांचा कोन पडला की टेलगेटच्या टोकाला जवळजवळ चार इंच खाल्ले जातात.

पाच अंश म्हणजे काही घाट नव्हे. मलाच पटावं म्हणून तेव्हा एक प्रयोग केला होता, तो आता तुम्हालाही पटावा म्हणून सांगतो. डेन्व्हरहून हायवे २८५ नं वर चढून केनोशा पास ओलांडला की पुढे फेअरप्ले लागतं. तिथल्या एका पेट्रोल पंपावर थांबलो होतो. हिच तेव्हा दोन इंच खालीच होती, ट्रेलर उचललेला नव्हता. बायको दुपारच्या पोळ्यांची कणीक मळत होती. तिच्याकडून दोन गोळे मागितले (‘आता गाडीला पण पोळ्या का?’), त्यांचे पाच-पाच इंच उंच सुळके केले आणि टेलगेटजवळ दोन्ही कडांवर उभे चिकटवले. पंपावरून रस्त्यावर येताना उतार होता, आपण रोज उतरतो तसाच. ट्रकचं नाक खाली, ट्रेलर अजून वर सपाटीवर. अगदी हळू उतरलो, बाजूला घेतलं आणि मागे जाऊन पाहिलं. डावा सुळका बसून तीन इंचांचा झाला होता. उजवा दोनाहूनही कमी, आणि त्याच्या चपट्या माथ्यावर ट्रेलरच्या पोटाखालच्या स्क्रूचा ठसा स्पष्ट उमटलेला. ट्रेलरचं उजवं चाक खड्ड्यात गेलं होतं, म्हणून तिकडे जास्त. सहा इंचांची फट असताना ही गत. तीनच इंच ठेवले असते तर कणकेच्या जागी बेडचा पत्रा होता.

ट्रेलर उचलल्यानं तिथेही फायदा झाला, हे मला आधी सुचलं नव्हतं. पिन जागच्या जागी राहून मागची बाजू वर आली, त्यामुळे टेलगेटपाशी अर्धा इंच फुकट मिळाला.

तुमच्या आणखी दोन सूचना होत्या. ट्रकच्या मागच्या पाट्यांखालचा ठोकळा काढून ट्रकच खाली आणायचा, हा मार्ग चांगला आहे. पण त्याला आखूड यू-बोल्ट लागतात, मागच्या शाफ्टचा कोन बघावा लागतो, आणि वॉरंटीतल्या ट्रकला हात लावायची माझी तयारी नाही. एअरबॅग (ट्रकच्या मागच्या पाट्यांना आधार देणारी हवेची पिशवी) मात्र नकोच. तिनं ट्रकचं बूड वर येतं. माझं दुखणं नेमकं तेच आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र तुमचे खास आभार. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘उंची तरी पुन्हा मोजलीस का, का डरहॅमच्या पुलाखाली येऊन मोजणार आहेस?’ बाकीच्यांसाठी : रालेशेजारच्या डरहॅममध्ये (नॉर्थ कॅरोलायना) ग्रेगसन स्ट्रीटवर रेल्वेचा एक पूल आहे. ११ फूट ८ इंच उंचीच्या त्या पुलानं इतक्या ट्रकांची टपं सोलली की २०१९ मध्ये तो आठ इंच वर उचलला. आता १२ फूट ४ इंच आहे, आणि अजूनही टपं सोलतोच. माझा ट्रेलर तिथे आधीही मावला नसता. पण मोजली नव्हती, हे खरं. प्रतिक्रिया वाचून त्याच संध्याकाळी शिडी लावली, ट्रक जोडून, एसीच्या झाकणावर पाणसळ आडवी धरून तिच्या टोकावरून फीत खाली सोडली. बरोबर १३ फूट. डॅशबोर्डवर चिकटवलेल्या पट्टीवर जुन्या ट्रकच्या काळचं १२ फूट ९ लिहिलेलं होतं, आणि तीन महिने मी तेच वाचत गाडी चालवत होतो. पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत मर्यादा १३ फूट ६ इंचांची आहे, म्हणजे कायद्यात बसतोय. पण गावातल्या जुन्या पुलांवरच्या पाट्या आता मला नव्यानं वाचाव्या लागणार. पट्टी बदलली.

उचलल्याचा एक तोटा तुमच्याही नजरेतून सुटला, तो मीच सांगतो. दाराची पायरीही तीन इंच वर गेली. जूनमध्ये सांगलीहून आई आली, तिनं एकदा पायरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, ‘मी बाहेरच खुर्ची टाकून बसते.’ आता लाकडाची एक जादा पायरी करून घेतली आहे. प्रत्येक मुक्कामाला ती आधी काढायची आणि निघताना न विसरता आत टाकायची. आत्तापर्यंत एकदा विसरलोय.

काका, तुमच्या ट्रकच्या बेडची कड आणि ट्रेलर यांतलं अंतर किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाटे असल्यानं तुमचं नाक वर राहिलं तरी चालेल, पण हिच किती खाली घेतली आहेत? एकदा काकूंकडून दोन गोळे मागून घ्या आणि घराच्या ड्राइव्हवेवरून खाली उतरून बघा. कणीक जरा घट्ट मळलेली घ्या, सैल असली तर आपोआपच बसते.