‘शेवटची पी-38 म्हणजे भंगार’ म्हणे!

भुसावळ-वरणगाव पट्ट्यात ऑर्डनन्समधून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यामुळे जुन्या हत्यारांवर एखादी पोस्ट आली की आमचे ग्रुप दिवसभर तापलेले असतात. सध्या फिरतेय ती वाल्थर पी-38 या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पिस्तुलाबद्दल. तिचं म्हणणं असं: 1944-45 सालचं पी-38 म्हणजे नापास माल. राखाडी दिसलं तर ते नंतर रंगवलेलं, तारा ठोकलेला असेल तर रशियन. जमवायचं तर सुरुवातीचंच. आणि इतकं जुनं पिस्तूल घरात ठेवायला परवाना लागत नाही. अमळनेरच्या एका भाऊंनी खाली विचारलं, ‘हाई खरं शे का?’

नाही. आणि शेवटचं वाक्य तर तुरुंगात नेणारं आहे.

आधी ‘नापास’चं बघू. हे पिस्तूल वाल्थर, माउझर आणि स्प्रेवर्क या तीन कारखान्यांत बनायचं, आणि नावाऐवजी अक्षरांचा गुप्त कोड ठोकला जायचा. स्प्रेवर्कने बनवलेल्या (कोड सीवायक्यू) उशिराच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, कटरच्या रेघा उघड्या डोळ्यांनी दिसतात, हे खरं. पण टूलरूममध्ये हात काळे केलेल्या कुणालाही विचारा: रेघ राहिली म्हणजे पॉलिशचं काम गाळलं, माप चुकलं असं नव्हे. जर्मन लष्करी तपासणीत पास झाल्याचा गरुडाचा ठसा 1945 च्या मालावरही आहे. त्याच्याखाली वाल्थरचा आकडा 359, माउझरचा 135, स्प्रेवर्कचा 88. स्प्रेवर्कच्या कोड ठोकायच्या पंचातल्या ‘वाय’ची शेपटी तर शेवटी शेवटी तुटली आणि ठसा ‘सीव्हीक्यू’ असा उमटू लागला. तरी तोच पंच ठोकत राहिले. पोस्टवाल्याला यात भंगार दिसतं. जमवणारे नेमका तो तुटका ठसा भिंगाखाली शोधतात, कारण कारखान्याची घाई इतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसणार?

एक गोष्ट मात्र मान्य. सेफ्टीची कळ दाबून घोडा खाली पाडायची सोय युद्धकाळातल्या झिजलेल्या पिस्तुलात भरवशाची नाही, भरलेल्या चेंबरवर तर नाहीच नाही. पण हे 1942 च्या पिस्तुलालाही लागू आहे.

ताऱ्याचा घोळ जास्त मजेदार आहे. ओबेरन्डॉर्फचा माउझर कारखाना एप्रिल 1945 मध्ये फ्रेंचांच्या ताब्यात गेला. त्यांनी उरलेल्या सुट्या भागांवर काम चालू ठेवलं आणि 1946 पर्यंत पिस्तुलं काढली. एसव्हीडब्ल्यू या माउझरच्या कोडच्या पिस्तुलावरचा पाच टोकांचा तारा हा त्यांचा. राखाडी रंगही तिथलाच, फॉस्फेटिंगचा, म्हणजे गंज रोखायला पोलादावर चढवलेल्या थराचा. रंगवलेलं म्हणून लोक ज्याला नाक मुरडतात तेच त्याचं मूळ फिनिश, आणि ते घासून काळंभोर केलं की किंमत गेली. रशियनांनी पकडलेली पिस्तुलं वेगळी ओळखू येतात: पुन्हा गडद ब्लूइंग (पोलादावर चढवलेला निळा-काळा थर) केलेलं, बऱ्याचदा फुलीचा ठसा, सुट्या भागांवर विजेच्या पेन्सिलने कोरलेले नंबर.

‘वेगळा शिक्का म्हणजे जोडजाड’, म्हणजे वेगवेगळ्या पिस्तुलांचे भाग नंतर जोडलेले, असाही एक टोमणा पोस्टमध्ये आहे. बेल्जियमच्या एफएन कारखान्याने जर्मनांसाठी फ्रेम (पिस्तुलाचा खालचा सांगाडा) बनवल्या, त्यांच्यावर गरुडाखाली 140 आहे. अशी फ्रेम वाल्थरच्या पिस्तुलात मिळाली तर ती कारखान्यातूनच तशी आलेली असू शकते.

आणि ‘सुरुवातीचंच चांगलं’? अगदी पहिल्या पिस्तुलांची फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडाला ठोका देणारी सळई) चौकोनी होती. ती मोडायची, म्हणून नंतर गोल केली. दिसायला पहिली पिस्तुलं देखणी, यात वाद नाही.

आता परवाना. पी-38 ची गोळी 9 मिमीची, आणि ते आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (सामान्य माणसाला बंदी असलेलं नळीचं माप) आहे. त्यामुळे जळगाव-धुळ्यात हा छंद फोटो, पुस्तकं आणि संग्रहालयाच्या काचेपुरताच. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 45 मध्ये जुनाट हत्यारांना सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. 100 वर्षांचा निकष येतो 1972 च्या पुरावस्तू कायद्यातून, तो शस्त्र परवान्याला लागत नाही. शिवाय पी-38 सैन्याने स्वीकारलं 1938 साली. म्हणजे सर्वांत जुन्यालाही अजून शंभर पुरी झालेली नाहीत! 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना प्रतिबंधित हत्याराला किमान 7 वर्षांची कैद आहे. आजोबांच्या ट्रंकेत असं काही निघालं तर ग्रुपवर फोटो टाकून भाव विचारू नका. हात न लावता आधी वकिलाला फोन करा, मग पोलीस ठाण्याला.