चिठ्ठीची मागची बाजू

गौरी जेवायच्या दिवशी पाळी येऊ नये म्हणून आमच्या घराण्यातल्या बायकांनी आजवर जितक्या गोळ्या गिळल्या असतील, तितक्यांवर एका केमिस्टचा संसार आरामात चालला असता. मीही गिळल्यात. सासूबाई स्वतः आठवण करायच्या, "तारीख बघितलीस ना गं?" मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट यायचं. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, दिवसाला तीन गोळ्या. ती गोळी बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉनची असते, म्हणजे हार्मोनच. "अगं बाई, हार्मोन? कॅन्सर होईल" असं तेव्हा कुणाच्या तोंडून निघालेलं मला आठवत नाही.

तेच मी पन्नाशीला, पाळी जातानाच्या त्रासासाठी, सगळ्या तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हार्मोन्स सुरू केली म्हटल्यावर अख्खं घराणं डॉक्टर झालं. नणंदेने सोयाबीन सुचवलं, जावेने शतावरी कल्प पाठवला, आणि आत्येसासूबाई "आमच्या वेळी असलं काही नव्हतं हो" म्हणून मोकळ्या झाल्या. त्यांच्या वेळी सगळं होतं. माझी आई पाळी गेल्यावर "सुटले एकदाची" म्हणाली होती आणि ते खरंही होतं. बाजूला बसणं संपलं, कुलाचार निर्धास्त करता यायला लागले, वारीला जाताना तारखा मोजायला नकोत. पण तीच आई त्या दोन वर्षांत रात्री अडीच-तीनला गच्चीत जाऊन बसायची. मी तेव्हा विशीत होते. मला वाटायचं, तिला माझ्या लग्नाची काळजी आहे.

माझं ४७ पासून सुरू झालं. आधी पाळी मागेपुढे, मग वाफा. हॉट फ्लश हा शब्द फार नाजूक आहे. बरगड्यांखाली काहीतरी पेटतं, छाती, मान, कान करत डोक्यावर चढतं आणि मिनिटभरात केसांच्या मुळांतून पाणी. दिवसाला दहा-बारा वेळा. फळ्यावर ताळेबंद मांडताना. वनाझच्या मेट्रोत एसीखाली. कर्वे रोडवरच्या एका कार्यालयात भाचीच्या लग्नात, पैठणी नेसून, अगदी मंगलाष्टकं चालू असताना. जानेवारीत पुण्यात पहाटे दहा डिग्री आणि आमच्या खोलीत पंखा पाचवर. नवरा कानटोपी घालून, दोन गोधड्या घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. बोलला काही नाही बिचारा.

डॉक्टरांनी नंतर समजावलं ते असं: मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं जे केंद्र असतं, ते इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की हलक्या कानाचं होतं. अंग किंचित तापलं तरी आग लागली समजून घाम फोडतं. मला हे फार पटलं. आमच्या स्टाफरूममध्ये अशी दोन माणसं आहेत.

पण वाफांपेक्षा मला घाबरवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मी ज्युनिअर कॉलेजला बीके, म्हणजे बुककीपिंग शिकवते, २४ वर्षं. एके दिवशी वर्गात, साठ पोरांसमोर, मला 'घसारा' हा शब्द आठवेना. खडू हातात, खातं अर्धं लिहिलेलं, आणि शब्द गायब. मागच्या बाकावरून कुणीतरी "मॅडम, डेप्रिसिएशन" म्हणून दया केली. घरी येऊन मी रडले. मला वाटलं, आजीसारखं माझंही डोकं चाललं. हे मेनोपॉजचं लक्षण असू शकतं हे मला तेव्हा कुणीच सांगितलेलं नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांचं नाव लिहीत नाही, विचारूही नका. त्यांनी आधी एफएसएच नावाच्या हार्मोनची रक्ततपासणी करायला लावली, दोन महिन्यांनी परत करायला लावली. दोन्ही आकडे एकमेकांना ओळखही दाखवत नव्हते. पुढे कळलं की ह्या काळात ते आकडे सतत वरखाली होतात, आणि पंचेचाळिशीनंतर लक्षणं स्पष्ट असतील तर निदानासाठी ही तपासणी लागतच नाही. मग त्यांनी एक गोळी लिहून दिली. बीपी बघितलं नाही, घरात कुणाला काय झालंय विचारलं नाही. "ही घ्या, बरं वाटेल. आणि मन रमवा, भजनी मंडळ वगैरे लावा."

बरं वाटलं नाही. चौथ्या दिवसापासून छाती इतकी जड आणि दुखरी की जिना उतरताना हाताने धरून उतरायचे. मळमळ. डोकेदुखी. पोट असं फुगलेलं की सलवारीची नाडी सैल करावी लागली. आणि बाराव्या दिवशी, आठ महिन्यांच्या खंडानंतर, डाग पडले. मी बाथरूममध्ये उभी राहून मनातल्या मनात मृत्युपत्र लिहिलं. गोळ्या कचऱ्यात टाकल्या आणि पुढचे पाच महिने परत पंखा पाचवर.

हे लिहायला बसले ते ह्या बाराव्या दिवसासाठी. कारण नंतर विचारत गेले तेव्हा माझ्याच ओळखीत अशा चौघी निघाल्या. कुणी दहाव्या दिवशी सोडलं, कुणी तिसऱ्या आठवड्यात. त्या चौघींपैकी एकीलाही 'असं होणार आहे' हे आधी सांगितलेलं नव्हतं. बाळंतपणाच्या कळा आपण सोसतोच की. त्या येणार हे ठाऊक असतं, किती वेळ हे साधारण ठाऊक असतं, म्हणून. डोळे बांधून जिना उतरायला लावलं तर तीन पायऱ्यांवरही माणूस बसकण मारतो.

दुसऱ्या डॉक्टर डेक्कनच्या. मैत्रिणीने नेलं, मी तर जायलाच तयार नव्हते. त्यांनी पाऊण तास घेतला. आई, मावशी, आजीला स्तनाचा कॅन्सर? मला कधी पायात रक्ताची गुठळी? अर्धशिशी? यकृताचा आजार? बीपी घेतलं, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, साखर, कोलेस्टेरॉल. मग म्हणाल्या, "आता तुमची भीती सांगा."

मी २००२ म्हटलं. त्या हसल्या, "सगळ्या तिथेच अडकल्यात."

माझी मावशी तेव्हा ह्या गोळ्या घ्यायची. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा अभ्यास चालला होता, त्याचा एक भाग जुलै २००२ मध्ये मधेच थांबवला आणि जगभर बातमी झाली की हार्मोन्सने स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. मावशीने त्याच आठवड्यात गोळ्या बंद केल्या. आता मी अकाउंट्सची बाई. टक्के सांगताना पाया सांगितला नाही तर मी बारावीच्या पोरांचे गुण कापते. पाया असा होता: गोळ्या न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला ३०, घेणाऱ्यांत ३८. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. आठ म्हणजे शून्य नव्हे, त्या आठांत मी असू शकते, हे मी विसरलेले नाही. पण २६ टक्के ऐकून डोळ्यांसमोर जे येतं ते हे नाही. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या. आणि गोळीतलं इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं, सोबत प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन ह्या दुसऱ्या हार्मोनसारखं कृत्रिम औषध. ज्यांची गर्भपिशवी आधीच काढलेली होती आणि ज्या नुसतं इस्ट्रोजेन घेत होत्या, त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरची वाढ दिसलीच नाही. पुढे त्याच आकड्यांची वयानुसार फोड झाली तेव्हा साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, लक्षणांनी हैराण असलेल्या बहुतेक निरोगी बायकांना नुकसानापेक्षा फायदा जास्त, असं चित्र दिसलं. ही बातमी मावशीपर्यंत पोचली नाही. ती पहिल्या पानावर आलीच नसावी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, ह्या औषधांवरचे बरेचसे मोठे इशारे काढायचं जाहीर केलं. त्यावर आमच्या एका ग्रुपवर 'आता बिनधास्त घ्या' सुरू झालं. हेही मला तितकंच चुकीचं वाटतं. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, गुठळीचा त्रास झालेला, नुकताच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला, कारण न कळता अंगावरून जाणारं, यकृत बिघडलेलं, अशा बायकांनी हा रस्ता सहसा घ्यायचा नसतो. माझी एक सहकारी त्यात आहे. तिला हार्मोन नसलेली दुसरी गोळी दिली आहे, मूळची नैराश्यावरची. तिच्या वाफा बऱ्याच कमी झाल्यात. पर्याय आहेत, विचारावे लागतात.

मला मिळालं ते जेल आणि रात्रीची एक कॅप्सूल. जेलच का, तर तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि गुठळीचा धोका थोडा वाढवतं. कातडीतून नेहमीच्या मात्रेत घेतलेल्यात तो वाढल्याचं दिसत नाही. आणि कॅप्सूल प्रोजेस्टेरॉनची, कारण माझी पिशवी जागेवर आहे. पिशवी असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर वाढत जातं आणि तिथला कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ती कॅप्सूल कंटाळा आला म्हणून टाळायची नाही. हे एवढं एक वाक्य तरी पहिल्या डॉक्टरांनी सांगायला हवं होतं की नको?

मग त्यांनी चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनने मराठीत लिहिलं: "पहिले ३ महिने स्तन दुखतील, पोट फुगेल, डाग पडतील. घाबरू नका, फोन करा, पण मनाने बंद करू नका. ६ महिन्यांनंतरही डाग पडले तर या. एका पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, अचानक दम लागला, बोलताना जीभ अडखळली, तर मला फोन करत बसू नका, थेट हॉस्पिटल." शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

तो कागद मी फ्रिजवर लावला. सगळं लिहिल्याबरहुकूम झालं. स्तन दुसऱ्या आठवड्यात दुखायला लागले, फोन केला, त्यांनी जेल दोन आठवडे निम्मं करायला सांगितलं. दुखणं उतरलं, मात्रा परत वाढवली. पाचव्या आठवड्यात डाग पडले. मी फ्रिजकडे बघितलं आणि कुकर लावला. खरा घोळ कॅप्सूलने घातला. तिने गुंगी येते. मी ती भरपेट जेवून, अकराला घ्यायचे आणि सकाळी सातच्या लेक्चरला डोळ्यांवर झापड. कळलं की जेवणासोबत ती जास्त शोषली जाते. आता जेवण साडेसातला आणि कॅप्सूल साडेनऊला. गुंगी जिथे हवी तिथे येते, म्हणजे अंथरुणात. दोन वर्षांत पहिल्यांदा मी सलग सहा तास झोपले तो दिवस मला लग्नाच्या वाढदिवसापेक्षा नीट आठवतो.

जेलचीही शिस्त आहे. आंघोळीनंतर कोरड्या दंडावर किंवा मांडीवर, छातीवर कधीच नाही, वाळेपर्यंत कपडे घालायचे नाहीत, वर लगेच क्रीम चोपडायचं नाही, हात धुवायचे. आणि ती जागा लहान मुलांना लागू द्यायची नाही. भाचीचा दोन वर्षांचा मुलगा आला की मी लांब बाह्यांचा कुर्ता घालते.

चौथ्या आठवड्यापासून वाफा कमी झाल्या, तीन महिन्यांत दिवसाला एखादी. 'घसारा' परत आला. वजन तसंच आहे, केस गळतातच, गुडघा तळजाईच्या चढावर पूर्वीसारखाच कुरकुरतो. चिडचिड निम्मी गेली. उरलेली माझी स्वतःची होती असं दिसतंय. आणि एक, जे बायका कुणाशीच बोलत नाहीत: खालचा कोरडेपणा, जवळ येताना होणारी आग, सारखं लघवीचं इन्फेक्शन. त्यासाठी जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम वेगळं मिळतं, रक्तात फारच थोडं उतरतं. मी दीड वर्ष युरिनच्या तपासण्या करत फिरले, एकाही लॅबवाल्याला किंवा डॉक्टरला हा प्रश्न विचारावासा वाटला नाही.

हे सगळं मला परवडलं, कारण मला वाचता येतं, फोन करता येतो, पाऊण तास देणारी डॉक्टर माहीत झाली. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी मूळच्या बीडकडच्या. त्यांची पिशवी ३४ व्या वर्षी काढली, अंगावरून जास्त जायचं म्हणून. २०१९ मध्ये तिकडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या अशा ऑपरेशनांच्या बातम्या आल्या होत्या तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "त्यात काय ताई, आमच्या आळीत सगळ्यांचीच काढलीय." आता त्या ४३ च्या आहेत, पाठ धरून वाकतात, आणि सांगतात की ऑपरेशननंतर त्याच महिन्यापासून अंगाची लाही होते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर त्यांना चौतिसाव्या वर्षीच मेनोपॉज आला, आणि अशा बायकांनी तर, दुसरी अडचण नसेल तर, निदान नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन घ्यावं असं जगभरचे डॉक्टर सांगतात. हाडांसाठी, हृदयासाठी. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनी हे नावही ऐकलेलं नाही.

गेल्या गुरुवारी मी त्यांना माझ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अंडाशयं ठेवली होती की काढली?" मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ऑपरेशनचे कागद गावी, थोरल्या दिरांच्या पेटीत आहेत. मुलगा दिवाळीला गेला की आणेल, असेल तर.