‘डोळे मिटून 75 धरा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मॅश एफिशियन्सीच्या कॅल्क्युलेटरवरच्या माझ्या लेखावर तुम्ही डिचोलीहून लिहिलेली प्रतिक्रिया सावकाश वाचली. तुम्ही नुसतं रागावून थांबला नाहीत, आकडेही दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. त्या आकड्यांमुळेच हे उत्तर लिहिता येतंय.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मॅश म्हणजे भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवून त्याच्या पिठाची साखर करणं, आणि एफिशियन्सी म्हणजे मिळू शकणाऱ्या साखरेपैकी किती टक्के टोपात उतरली ते. जुलैत तुम्ही 8 किलो माल्टची जड बिअर केली. मॅश बॅगेत, स्पार्ज (वरून पाणी ओतून चोथा धुणं) नाही, पाणी 33.4 लिटर. कॅल्क्युलेटर 73 टक्के म्हणाला. बॅग उचलल्यावर टोपात 27 लिटर वोर्ट (मॅशमधून निघालेलं गोड पाणी) आणि हायड्रोमीटरवर, म्हणजे घनता मोजणाऱ्या काचेच्या नळीवर, ग्रॅव्हिटी 1.058, म्हणजे 66 टक्के. नेहमीच्या 5 किलोंच्या बिअरला तुम्हाला 75 च्या आसपास मिळतात. म्हणून हे गणित थंड देशांचं, आपल्या भाटीवाल्याला (फेणी गाळणाऱ्याला) फेस बघून कळतं, आणि टक्क्यांमागे धावून बिअर बिघडवण्यापेक्षा डोळे मिटून 75 धरावेत, असं तुम्ही लिहिलंत.

आधी त्या 75 बद्दल. मॅशमध्ये साखर दोन ठिकाणी हातची जाते. पहिलं ठिकाण म्हणजे पिठूळ भागाची साखरच न होणं. दुसरं, झालेली साखर चोथ्यात अडकून राहणं. चोथा किती पाणी धरून ठेवणार हे मुख्यतः दाण्याच्या वजनावर ठरतं. तुमच्या पद्धतीत किलोमागे साधारण 0.8 लिटर धरलं आहे. टोपात दोन्ही वेळा 27 लिटरच हवेत. 5 किलोंना 31 लिटर पाणी पुरतं आणि सगळी साखर झाली असं धरलं तर 81 टक्के टोपात येते. 8 किलोंना तेच प्रमाण 73 वर उतरतं. भांडं, बॅग, हात सगळं तेच, तरी आठ टक्के गेले, कारण जास्त चोथ्यात जास्त वोर्ट राहिला आणि तो वोर्ट जास्त गोडही होता. कायम 75 धरणाऱ्याची हलकी बिअर ठरवल्यापेक्षा कडक होईल आणि जड बिअर पातळ.

आता तुमचे 66. नमुना ‘खोलीच्या तपमानाला’ येऊ दिला असं तुम्ही लिहिलंत, आणि खोलीत 31 अंश होते असंही. हायड्रोमीटरवर छापलेलं तपमान बघा. तुमच्यासारखे बहुतेक 20 अंशांसाठी आखलेले असतात. 31 अंशांना द्रव पसरलेला असतो, त्यामुळे वाचन जवळपास 3 पॉइंट (म्हणजे 0.003) कमी दिसतं. तुमची खरी ग्रॅव्हिटी 1.061 च्या आसपास होती. गोव्याच्या हवामानाचा फरक इथे पडतो, आणि तो मोजणीत पडतो. स्टार्चची साखर करणारी एन्झाइम 66 अंशांना फोंड्यात काम करतात तशीच म्युनिकमध्ये करतात.

पण ही दुरुस्ती करायची तर दुसरीही करायला हवी, आणि ती तुमच्या विरुद्ध जाते. 27 लिटर तुम्ही बॅग उचलल्या उचलल्या मोजलेत. साधारण 65 अंशांना वोर्ट पावणेदोन-दोन टक्के फुगलेला असतो, म्हणजे थंड हिशेबात 26.5 लिटर. उकळत्या वोर्टात हाच फरक 4 टक्क्यांवर जातो. दोन्ही दुरुस्त्या धरल्या की तुमची एफिशियन्सी 68 टक्के येते. 73 आणि 68. उरला खरा फरक पाचाचा.

तो कुठे गेला हे शोधायला स्पार्ज न केल्याचा मोठा फायदा आहे. स्पार्जचं पाणी मिसळलं नसल्यामुळे चोथ्यातल्या आणि टोपातल्या वोर्टची ग्रॅव्हिटी एकच असते. म्हणून ग्रॅव्हिटी कमी पडली तर साखर कमी झाली, आणि लिटर कमी पडले तर चोथ्याने जास्त धरले किंवा पाणी कमी मोजलं गेलं. पूर्ण साखर झाली असती तर तुमची ग्रॅव्हिटी 1.064 यायला हवी होती, आली 1.061. म्हणजे साखर साधारण 95 टक्केच उतरली, आणि शिवाय अर्धा लिटर चोथ्यात गेला. ‘डोळे मिटून 75’ मधून यातलं काहीच दिसत नाही. मी कॅल्क्युलेटरचा एवढा आग्रह धरतो तो याचसाठी. त्याचं भाकीत आणि आपलं मोजमाप यांत अंतर पडलं की नुकसान कुठल्या टप्प्यावर झालं ते शोधता येतं.

त्या 5 टक्क्यांबद्दल माझा पहिला संशय तुमच्या गोणीवर आहे. मे महिन्यात उघडली आणि जुलैत वापरली, असं तुम्हीच लिहिलंत. ताज्या माल्टमध्ये ओलावा 4 टक्क्यांच्या आसपास असतो. आपल्या पावसात उघडी गोणी तो सहज दुप्पट करून घेते, आणि मग 8 किलो म्हणून तुम्ही 300 ते 400 ग्रॅम पाणीच तोलता. दाणा मऊ पडतो, त्यामुळे गिरणीच्या त्याच फटीतून भरडही वेगळी येते. सुक्या दिवसांतल्या तुमच्या 5 किलोंच्या बॅचला याच दोन दुरुस्त्या लावल्या तर तिची एफिशियन्सी 75 वरून 80 च्या आसपास जाते, म्हणजे तेव्हा साखर जवळपास पूर्ण होत होती. म्हणूनही मला भरडीपेक्षा पाऊसच जास्त दोषी वाटतो.

तपासायला अवघड नाही. 100 ग्रॅम माल्ट बारीक दळा, ओव्हनमध्ये 105 अंशांना तीन तास ठेवा आणि पुन्हा तोला. 4-5 ग्रॅम घटले तर गोणी ठीक आहे. 8-9 घटले तर कारण सापडलं. माल्ट कोरडं निघालं तर पुढच्या मॅशला तासाभरानंतर नमुना घ्या आणि आणखी अर्धा तास थांबून पुन्हा घ्या. ग्रॅव्हिटी चढत असेल तर भरड जाडी आहे किंवा पीएच वर आहे. आपल्या जांभ्या दगडातल्या बांयचं (विहिरीचं) पाणी बहुधा मऊ असतं. फिकट माल्टच्या मॅशचा पीएच त्यात 5.7-5.8 वर राहतो. थोडं जिप्सम, थोडं लॅक्टिक ॲसिड घालून 5.4 पर्यंत आणलेलं बरं.

भाटीवाल्याबद्दल तुमच्याइतकाच आदर मलाही आहे. पण तोही आकड्याला मान देतो. हुर्राक (एकदाच गाळलेली काजूची दारू) 15-16 ग्राव (कडकपणाचं माप), फेणी 19-20 ग्राव ही भाषा त्याचीच, आणि ग्राव काचेच्या नळीवर मोजतात. शिवाय काजूच्या नीऱ्यात साखर झाडावरूनच तयार होऊन येते. बोंड पिळलं की झालं. आपल्याला ती दाण्यातून आधी घडवावी लागते, मग धुऊन काढावी लागते, आणि दर वेळी पाककृती वेगळी असते. फेस बघून हे कळण्याजोगं नाही.

टक्क्यांमागे धावू नये, हे मात्र शंभर टक्के मान्य. चोथा धूत राहिलं, बाहेर येणारं पाणी 1.010 च्या खाली गेलं आणि पीएच चढला, की सालीतला तुरटपणा उतरतो. मला 85 नको आहेत. 68 आधी कळले तरी पुरे, कारण हॉप्सचा कडवटपणा मी 1.064 च्या गोडव्यासाठी मोजलेला असतो, आणि 1.061 वर तोच जरा पुढे येतो.

तेव्हा हीच बिअर पुन्हा कराल आणि तीच गोणी वापरावी लागेल, तर कॅल्क्युलेटरमध्ये साखर होण्याचं प्रमाण 100 ऐवजी 95 टाका. 1.064 साठी साध्या त्रैराशिकाने 8.4 किलो येतात, पण वाढवलेला दाणा वाढीव पाणीही धरतो, म्हणून खरी गरज साडेआठ किलोंची आहे, आणि पाणी 33.8 लिटर. नमुना 20 अंशांपर्यंत थंड करून वाचा, लिटर थंड हिशेबात मोजा, आणि ओव्हनमधलं वजन किती घटलं ते इथे नक्की लिहा.